मुद्दल, मुदत आणि चक्रवाढ

(वार्षिक पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालकांच्या मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो अभ्यास, शिस्त आणि मोबाइल या तीन गोष्टींवर बोलणार, असे आपण धरूनच चालता. ते विषय महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांवर माझ्याहून ज्येष्ठ मंडळी अनेकदा बोलून गेली आहेत. मी अर्थशास्त्राचा बी. ए. असलो तरी आठवीच्या वर्गाला गणित शिकवतो, आणि त्या पुस्तकातील एकच धडा आज आपल्यापुढे ठेवणार आहे. धड्याचे नाव आहे 'चक्रवाढ व्याज'. मुले सूत्र पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि सुट्टी लागली की विसरून जातात. माझे म्हणणे असे की, गणिताच्या पुस्तकातील जो धडा आपल्या घरी सर्वांत जास्त वेळा चालून येतो तो हाच. आणि तो दारात येतो तेव्हा घरात उदाहरण सोडवणारे बहुधा कोणी नसते.

तो घरी कसा येतो, ते आपल्या भिवंडीतच पाहू. आपले गाव यंत्रमागाचे. महिन्याची मजुरी महिन्यात संपते, हा इथल्या बहुतेक घरांचा हिशेब. पण आयुष्यात एकदा-दोनदा अशी वेळ येते की हातात एकदम मोठी रक्कम पडते. कोणी जुने प्लेन लूम भंगारात काढतो. कोणी आखातातून वीस वर्षांनी परत येतो आणि हिशेबाचे पैसे घेऊन येतो. कुणाची वडिलोपार्जित जमीन गोदामासाठी विकली जाते. काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या बाजूला भाताच्या खाचरांच्या जागी केवढी गोदामे उभी राहिली ते आपण पाहतोच. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातील आमणे येथे येऊन संपतो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. असा रस्ता ज्यांच्या जमिनीवरून जातो त्यांना मोबदला एकरकमी मिळतो. मुलीच्या मेहरची रक्कम, मरहूम वडिलांच्या वारशातील वाटा, हीदेखील एकरकमीच. सारांश, ज्याला जन्मभर महिन्याच्या हिशेबाची सवय आहे, त्याच्या हाती अचानक वीस-तीस वर्षांच्या हिशेबाचा पैसा येतो. तिथे आठवीचा धडा सुरू होतो.

आता धडा. एक लाख रुपये दरसाल शेकडा ८ दराने ठेवले. पहिल्या वर्षी ८,००० रुपये व्याज. सरळव्याजात दरवर्षी तेच ८,०००. चक्रवाढीत हे ८,००० मुद्दलात मिळतात आणि दुसऱ्या वर्षी १,०८,००० वर आकारणी होते. दुसऱ्या वर्षाअखेर रास होते १,१६,६४०. सरळव्याजाने झाली असती १,१६,०००. फरक अवघा ६४० रुपयांचा. वर्गात इथवर आलो की मागच्या बाकावरचा एखादा मुलगा म्हणतो, "सर, एवढ्यासाठी एवढी कटकट?" त्याचे बरोबर आहे. दोन वर्षांत काही दिसत नाही. म्हणूनच तर माणसे फसतात. देताना फसतात आणि घेतानाही फसतात.

हेच उदाहरण पुढे न्या. दहा वर्षांनी सरळव्याजाने १ लाख ८० हजार, चक्रवाढीने २ लाख १५ हजार ८९२. वीस वर्षांनी सरळव्याजाने २ लाख ६० हजार, चक्रवाढीने ४ लाख ६६ हजार ९६. तीस वर्षांनी एकीकडे ३ लाख ४० हजार आणि दुसरीकडे १० लाख ६ हजारांवर. दर तोच, मुद्दल तेच. आता दशकादशकाची वाढ पाहा. पहिल्या दहा वर्षांत रकमेत भर पडली सुमारे १ लाख १६ हजारांची, दुसऱ्या दहांत अडीच लाखांची, तिसऱ्या दहांत ५ लाख ४० हजारांची. शेवटच्या दहा वर्षांत जेवढे मिळाले तेवढे आधीच्या वीस वर्षांत मिळून झाले नव्हते. म्हणजे जो माणूस विसाव्या वर्षी घाईने रक्कम मोडतो, तो आपल्या झाडाची निम्म्याहून अधिक फळे लागण्याआधीच ते तोडतो.

सूत्रात तीन गोष्टी असतात: मुद्दल, दर आणि मुदत. पहिल्या दोन गुणाकारात येतात. मुदत मात्र घातांकात बसते. विद्यार्थी मित्रांनो, घातांक म्हणजे डोक्यावर लिहिलेला तो लहानसा आकडा. दिसतो लहान, पण सगळे काम तोच करतो. बाजारात माणसे दरावर घासाघीस करतात, पाव टक्क्यासाठी बँका बदलतात. मुदतीचा विचार फार थोडे करतात.

कागद-पेन्सिल जवळ नसेल तर एक सोपा नियम लक्षात ठेवा. ७२ ला दराने भागा. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत रक्कम साधारण दुप्पट होते. ८ टक्के असेल तर ९ वर्षे, ६ टक्के असेल तर १२, १२ टक्के असेल तर ६. हा नियम काही आजकालचा नाही. लुका पाचोली नावाच्या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात तो दिला आहे. आणि व्याजावरील व्याजाचे उदाहरण आपल्याकडे त्याच्याही सुमारे हजार वर्षे आधी, आर्यभटाच्या ग्रंथात सापडते. असो.

या नियमाची परीक्षा आपण पोस्टाच्या खिडकीवर करू शकतो. किसान विकास पत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १ एप्रिल १९८८ रोजी ही योजना सुरू झाली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. पुढे व्याजाचे दर उतरत गेले आणि दुपटीची मुदत लांबत गेली. ती ८ वर्षे ७ महिन्यांपर्यंत गेली. २०११ साली योजना बंद झाली, २०१४ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली ती १०० महिन्यांच्या मुदतीने. एप्रिल २०२३ मध्ये दर ठरला साडेसात टक्के आणि मुदत ११५ महिने. आता ७२ ला साडेसातने भागून पाहा: ९.६ वर्षे, म्हणजे ११५ महिने आणि काही दिवस. पोस्टाने मोठ्या हिशेबाने काढलेली मुदत आपण तोंडी काढली. पण दुसरी गोष्टही पाहा. "पोस्टात पैसे साडेपाच वर्षांत डबल होतात" हे वाक्य एखाद्या चाचांच्या तोंडी अजून ऐकू येते. ते १९८८ साली खरे होते. गुंतवणुकीत ऐकीव माहिती फार दिवस टिकते, दर मात्र टिकत नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी चालू दर विचारा आणि भागाकार स्वतः करा.

आता एका गोष्टीकडे सर्व पालकांनी लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. समजा एका घरात जमिनीचे १० लाख रुपये आले. ते ७ टक्क्यांनी १८ वर्षे ठेवले. आज पाळण्यात असलेली मुलगी तेव्हा कॉलेजात जाईल. बँकेत दोन तऱ्हा असतात. एकीत व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला हातात मिळते. दुसरीत ते ठेवीतच मिळवले जाते, तिला पुनर्गुंतवणूक ठेव म्हणतात. पहिल्या तऱ्हेत वर्षाला ७० हजार येतील आणि खर्च होतील. अठरा वर्षांनी मुद्दल १० लाख, जसेच्या तसे. माणूस म्हणेल, "मी मुद्दलाला हात लावला नाही." पण महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आज एक रुपयाला मिळणारी वस्तू अठरा वर्षांनी २ रुपये ८५ पैशांना मिळेल. त्या वेळचे १० लाख म्हणजे आजचे साडेतीन लाख. मुद्दलाला हात न लावताच त्याचे दोन हिस्से गेले. ज्या घराने व्याज आत राहू दिले त्याच्याकडे ३३ लाख ८० हजार असतील. आकडा ऐकून डोळे विस्फारू नका. तोही आजच्या भावाने पावणेबारा लाखांच्या आसपासच भरतो. म्हणजे अठरा वर्षे वाट पाहून खरी वाढ पावणेदोन-एक लाखांची. चक्रवाढ महागाईलाही लागू आहे, हे जाहिरातीत कोणी छापत नाही. वार्षिक दराला महागाईच्या दराशी ताडून पाहावे लागते, आणि जी रक्कम पंधरा-वीस वर्षे लागणार नाही ती कशात ठेवावी याचा विचार वेगळा करावा लागतो.

शाळेतलेच उदाहरण घ्या. अनेक शाळांत कायम ठेवीची बक्षिसे असतात. १९७५ च्या सुमारास एखाद्या दानशूर गृहस्थाने हजार रुपये दिले, ५ टक्क्यांनी वर्षाला ५० रुपये येऊ लागले आणि त्यांच्या वडिलांच्या नावे गणितात पहिल्या येणाऱ्या मुलाला ते मिळू लागले. त्या काळी पन्नास रुपयांत मुलाची वर्षाची वह्या-पुस्तके येत असतील. आज पन्नास रुपयांत काय येते ते मी सांगायला नको. दात्याची नियत नेक होती, शाळेने एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, तरी बक्षीस विरघळून गेले. कारण दरवर्षीची सगळी वाढ दरवर्षी वाटली गेली. समजा ५,००० रुपयांच्या ठेवीवर ८ टक्के मिळतात आणि ठरवले की ४०० पैकी २०० चे बक्षीस द्यायचे आणि २०० मुद्दलात टाकायचे. अठरा वर्षांत मुद्दल १० हजारांवर जाते आणि बक्षीस ४०० चे होते. छत्तीस वर्षांत मुद्दल २० हजारांवर, बक्षीस ८०० चे. आजच्या सभेत सोसायटीचे पदाधिकारी बसले आहेत म्हणून हे मुद्दाम सांगितले. नवी देणगी स्वीकारताना ही अट कागदावर घालता येईल.

बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्द्याचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. १७९० साली तो वारला तेव्हा त्याने बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी १,००० पौंड ठेवले; तरुण कारागिरांना ५ टक्क्यांनी कर्ज द्यायचे आणि दोनशे वर्षे निधी चालवायचा. पहिल्या शंभर वर्षांनी १ लाख ३१ हजार पौंड होतील असे त्याने लिहून ठेवले होते. आपल्या सूत्राने काढा. उत्तर तेच येते. प्रत्यक्षात तेवढे झाले नाहीत. कर्ज घेणारे कारागीर कमी मिळाले, काहींनी फेडले नाही. तरी दोनशे वर्षांअखेर बोस्टनकडे सुमारे ४५ लाख डॉलर होते आणि फिलाडेल्फियाकडे सुमारे २० लाख. आणि बोस्टनमध्ये मधल्या काळात या पैशांच्या आधारे एक तंत्रशाळाही उभी राहिली. दोन्ही शहरांची सुरुवात एकच, सूत्र एकच. वहिवाटीतल्या फरकाने निम्म्याहून अधिक अंतर पडले.

एवढा वेळ मी वाढीची बाजू सांगितली. आता दुसरी सांगतो आणि तिच्यावर जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या राज्याने या गणिताची फार मोठी किंमत मोजली आहे.

'दख्खनचे दंगे' या विषयावर विद्यार्थी परीक्षेत टीप लिहितात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. निरक्षर माणसे कागदावर एवढी का चिडली?

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीनच वर्षे चालेल, त्यानंतर त्यावर दावा करता येणार नाही. हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षे साचून राहू नये. पण झाले उलटेच. तीन वर्षे होत आली की सावकार कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घेई. नव्या रोख्यात मुद्दल म्हणून काय लिहिले जाई? जुने मुद्दल अधिक साचलेले सगळे व्याज. म्हणजे कायद्याने दर तीन वर्षांनी चक्रवाढीचे कलम आपोआप जोडून दिले. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता: व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. नव्या रोख्याने तोही निकामी झाला, कारण जे काल व्याज होते ते आज मुद्दल म्हणून लिहिले गेले.

हिशेब करून पाहू. १०० रुपये कर्ज, दरमहा शेकडा २. आजही हा दर ऐकून कोणाला फारसे नवल वाटत नाही. तीन वर्षांचे सरळव्याज ७२. काही फेडता आले नाही, नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९, बारा वर्षांनी ८७५, पंधरा वर्षांनी १,५०५ आणि अठरा वर्षांनी २,५८९. सहा अंगठे उठवले आणि शंभराचे अडीच हजार झाले. हे माझे वर्गातले उदाहरण झाले. पण दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे १०० रुपयांच्या कर्जावर २,००० हून अधिक व्याज लावल्याचे खरे प्रकरण आले होते. त्या शेतकऱ्याला पहिला रोखा अन्यायाचा वाटला नसेल. दुसराही नसेल. चौथ्या-पाचव्या रोख्याला शेतच लिहून द्यायची वेळ आली तेव्हा त्याला कळले, पण कसे झाले ते मात्र कळले नाही. आपल्या हातून कागदावर काय लिहून घेतले जात आहे, हे त्याला वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तोवर पुष्कळांच्या जमिनी गेल्या होत्या.

आज आपण साक्षर आहोत. कागद वाचता येतो. तरीही मला विचारावेसे वाटते: घरात लग्न निघाले, आजारपण आले, सुताचे पैसे अडकले, तेव्हा 'शेकडा ३' वर पैसे उचलताना किती जणांनी भागाकार केला? तीन टक्के महिन्याचे. ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. दोन वर्षांत दुप्पट. ५० हजार उचलले आणि व्याजसुद्धा देता आले नाही तर चार वर्षांत २ लाख ६ हजार. बँकेच्या क्रेडिट कार्डाचे तसेच. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकारणी होते. लोक बारा महिन्यांचे ४२ धरतात, पण व्याजावर व्याज धरले की वर्षाला ५१ टक्क्यांच्या वर जाते. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारे कर्ज घेऊन एक फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे घेणारी मुले मी पाहिली आहेत, आपणही पाहिली असतील. नवे कर्ज काढून जुने व्याज फेडणे म्हणजे सुप्याचा नवा रोखाच. अंगठ्याच्या जागी ओटीपी आला, इतकेच.

आता एक प्रश्न, जो आपल्यापैकी अनेकांच्या मनात मघापासून असणार. सूद आपल्याकडे वर्ज्य आहे. मग सर हा धडा आम्हाला का सांगत आहेत? दुप्पट-चौपट होत जाणाऱ्या सूदाचा उल्लेख सूरह आले इमरानमध्ये आहे, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. ठेवीवरील व्याज घ्यावे की नाही, घेतले तर त्याचे काय करावे, याचे उत्तर उलेमांनी द्यायचे, बी. ए. बी. एड. झालेल्या शिक्षकाने नव्हे. मी आकड्यांपुरता बोलतो. आणि आकड्यांपुरते एक निरीक्षण स्पष्ट सांगतो, रागावू नये. व्याज घ्यायचे नाही म्हणून बचत खात्यावरच्या शे-दोनशे रुपयांचा काटेकोर विचार करणारी, पण लग्नाच्या मंडपासाठी महिन्याला शेकडा ३ बिनदिक्कत देणारी घरे आपल्या गावात आहेत. घेताना हराम आठवते, देताना आठवत नाही. मनाई दोन्ही बाजूंना आहे, आणि घर बुडते ते देण्याच्या बाजूने.

शिवाय हे गणित व्याजाचीच मिरास नाही. जिथे वाढीतून पुन्हा वाढ होते तिथे ते लागू पडते. चार लूमवाल्याने दरवर्षीचा नफा पाडापाडी आणि मंडप यांत न घालता कारखान्यातच ठेवला आणि पाचवा, मग सहावा माग घेतला, तर तीही चक्रवाढच. भागीदारीत नफ्याचा वाटा न उचलता धंद्यात राहू दिला, तर तेच. शरियतच्या कसोटीने कंपन्या निवडून त्यांच्या शेअरमध्ये पैसे गुंतवण्याचीही सोय आहे. मुंबई शेअर बाजाराने डिसेंबर २०१० मध्ये 'टासिस शरिया ५०' नावाचा निर्देशांक सुरू केला होता. फरक एवढाच की तिथे दर ठरलेला नसतो. एखाद्या वर्षी २० टक्के वाढ होईल, एखाद्या वर्षी तेवढीच घट. इथे एक गंमत सांगतो. १०० चे २० टक्क्यांनी १२० झाले आणि मग २० टक्क्यांनी घटले तर १०० होत नाहीत, ९६ होतात. बहुतेक प्रौढ माणसे इथे चुकतात. आठवीची मुले चुकत नाहीत. तेव्हा तिथे जो पैसा पुढच्या वर्षी मुलाच्या फीला लागणार आहे तो घालू नये. दहा-पंधरा वर्षे न लागणारा असेल तर माहितगार माणसाला विचारून पाहावे.

भिशीबद्दलही कोणी विचारील. भिशी चांगली, व्याज नाही, शिस्त लागते, वेळेला रक्कम मिळते. पण भिशीत टाकले तेवढेच परत येते. ती गरजेची सोय आहे, वाढीची नाही.

'हलाल' हा शब्द लावून जे येते त्याचाही भागाकार करायचा असतो. २०१९ च्या जूनमध्ये बंगळूरुची आय मॉनेटरी अॅडव्हायजरी ही कंपनी बंद पडली. हलाल गुंतवणुकीच्या नावाने तिने पैसे गोळा केले होते, आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी अडकली. त्यांत विधवा होत्या, निवृत्त शिक्षक होते, मुलींच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते. कोणी महिन्याला शेकडा ३ नफा 'खात्रीने' देतो म्हणाला, तर त्याला ओळखण्यासाठी कायद्याचे पुस्तक लागत नाही. तोच भागाकार: २४ महिन्यांत दुप्पट. चार वर्षांत चौपट. असेच वीस वर्षे चालले तर एका लाखाचे बारा कोटी होतात. जगात असा कोणता धंदा आहे जो वीस वर्षे न चुकता असे देईल? कापडाचा नाही, एवढे तर आपण भिवंडीकर शपथेवर सांगू शकतो. आणि खरोखर असा धंदा असता तर तो माणूस आपल्या दारात कशाला आला असता?

माझा एक आग्रह आहे. घरात एकरकमी पैसा येतो तेव्हा निर्णय दोन-तीन पुरुष बैठकीत बसून करतात. आतल्या खोलीत आठवी-नववीत शिकणारी मुलगी असते, जिला हे सूत्र येते. तिला बाहेर बोलवा, कागद पुढे ठेवा आणि म्हणा, "बेटा, जरा काढून दे." मेहरची रक्कम उद्या तिचीच असणार आहे, ती कुठे ठेवायची हे तिला ठरवता आले पाहिजे. वर्गात मी पाहतो, मुली ही उदाहरणे मुलांपेक्षा नीट मांडतात. एक-एक वर्षाची ओळ लिहितात, घाईने शेवटी उडी मारत नाहीत. या धड्याला तीच सवय लागते.

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीसाठी दोन उदाहरणे देतो. पहिले सोपे: २०,००० रुपये साडेसात टक्के चक्रवाढीने ठेवले, तर ८०,००० व्हायला साधारण किती वर्षे लागतील? दुसरे पुस्तकात नाही. आपल्या घरातील कोणताही एक खरा कागद घ्या. बँकेच्या ठेवीची पावती असेल, फ्रिजचा हप्ता असेल, कर्जाचा करार असेल, पतपेढीचे पासबुक असेल. त्यात मुद्दल कुठे लिहिले आहे, दर वर्षाचा आहे की महिन्याचा, वाढ मुद्दलात मिळते की बाहेर जाते, आणि मुदत संपल्यावर नवा कागद होतो का, या चार गोष्टी वहीत उतरवा. रकमा आणि नावे लिहू नका. ती घरची बाब आहे. शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारी वह्या पाहीन. कागदावर दर सापडलाच नाही, तर तसे लिहा आणि अब्बांना विचारा की सही करताना तो त्यांना कोणी सांगितला होता.